बोली, डावपेच आणि लिलावाचे नियम

ज्या वस्तूची किंमत विकणाऱ्यालाच ठाऊक नाही ती त्याने कशी विकावी, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. कापडाच्या दुकानदाराला तो पडत नाही. कालचा भाव त्याला माहीत असतो आणि उद्याही तेच किंवा तसेच दुसरे गिऱ्हाईक येणार असते. परंतु एखादे जुने चित्र, समुद्रतळाखालील तेलाचे क्षेत्र, जंगलातील उभी झाडे किंवा बिनतारी संदेशवहनासाठी लागणारा लहरींचा पट्टा यांना असा ठरलेला भाव नसतो. त्यांचे मोल घेणाऱ्यांच्या मनात असते, आणि ते प्रामाणिकपणे सांगण्यात घेणाऱ्याचा काहीच लाभ नसतो. लिलाव ही मनातील हे मोल बाहेर काढण्याची युक्ती होय.

या युक्तीची रूपे अनेक आहेत. भाव चढत जाणारा उघड लिलाव सर्वांच्या परिचयाचा आहे. हॉलंडमधील फुलांच्या बाजारात याउलट घड्याळासारखी तबकडी असते. तिचा काटा चढ्या भावाकडून खाली सरकत येतो आणि जो व्यापारी तो प्रथम थांबवील त्याला माल मिळतो. सरकारी खात्यांत बंद लिफाफ्यातील निविदा मागविण्याची प्रथा आहे. भारतातील कित्येक धान्यबाजारांत एके काळी अडत्या हातावर रुमाल टाकी आणि त्याखाली प्रत्येक व्यापारी बोटांच्या खुणेने आपला भाव सांगे. लिफाफा नव्हता एवढेच, बाकी तीही बंद निविदाच होती. बाहेरून पाहणाऱ्यास ही सारी रूपे म्हणजे त्या त्या ठिकाणच्या चालीरीती वाटतात. अर्थशास्त्राचेही तिकडे दीर्घकाळ फारसे लक्ष गेले नव्हते. नियम बदलला की बोली लावणाऱ्याचे वर्तन बदलते, आणि ते कसे बदलेल हे आधी हिशेब करून सांगता येते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्ट झाली.

प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा अंदाज

हा हिशेब शिकविणारे शास्त्र म्हणजे खेळ-सिद्धांत. नाव काहीसे फसवे आहे, कारण त्यात करमणुकीचा भाग थोडा आणि गणिताचा फार. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली त्याचा पाया घातला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्याने लिहिलेल्या ग्रंथामुळे हा विषय अर्थशास्त्राच्या कक्षेत आला. १९५० च्या सुमारास जॉन नॅश याने समतोलाची कल्पना मांडली. इतरांनी जे ठरविले आहे ते लक्षात घेता ज्या स्थितीत कोणाही एकाला आपला डाव बदलून लाभ होत नाही, ती समतोलाची स्थिती. बुद्धिबळात प्रतिपक्षाची सोंगटी डोळ्यांसमोर असते. लिलावात मात्र प्रतिपक्षाच्या मनातील मोल झाकलेले असते. अशा अपुऱ्या माहितीच्या खेळांचा हिशेब कसा करावा हे जॉन हार्सानी याने १९६७-६८ मध्ये दाखवून दिले.

बंद निविदेचे उदाहरण घेऊन हा हिशेब पाहता येईल. समजा, एका वस्तूसाठी दोघेच बोलीदार आहेत. प्रत्येकाच्या मनातील मोल शून्य ते शंभर रुपये यांच्या दरम्यान कोठेही असू शकते आणि सर्व आकडे सारखेच संभवनीय आहेत. पहिल्याला ती वस्तू ६० रुपयांची वाटते. त्याने ६० चीच निविदा भरली तर वस्तू मिळूनही हाती काही उरत नाही. फार कमी भरली तर नफा मोठा, पण वस्तू मिळण्याची शक्यता लहान. आता त्याची अशी खात्री आहे की दुसरा आपल्या मोलाच्या निम्मी बोली लावील. मग ४० रुपये भरल्यास जिंकण्याची शक्यता शेकडा ८० आणि नफा २० रुपये. म्हणजे सरासरी प्राप्ती १६ रुपये. २० रुपये भरल्यास शक्यता शेकडा ४० आणि नफा ४० रुपये. सरासरी पुन्हा १६. परंतु ३० रुपये भरल्यास शक्यता शेकडा ६०, नफा ३० रुपये आणि सरासरी १८ रुपये होते. याहून अधिक प्राप्ती कोणत्याही आकड्याने होत नाही. दुसरा निम्मी बोली लावत असेल तर पहिल्यानेही निम्मीच लावणे हिताचे, आणि उलटही तेच खरे. नॅशचा समतोल तो हाच. बोलीदार पाच झाले तर प्रत्येकाला मोलाच्या चार-पंचमांशापर्यंत चढावे लागते. स्पर्धक वाढले की विकणाऱ्याचे उत्पन्न का वाढते, याचे उत्तर या साध्या अपूर्णांकात आहे.

कोलंबिया विद्यापीठातील विल्यम व्हिक्री या प्राध्यापकाने १९६१ साली एक निराळा नियम सुचविला. निविदा बंदच असाव्यात, सर्वांत मोठी निविदा भरणाऱ्यालाच वस्तू मिळावी, पण त्याने किंमत द्यावी ती दुसऱ्या क्रमांकाच्या निविदेइतकी. प्रथमदर्शनी हा नियम विकणाऱ्याच्या मुळावर येणारा वाटतो. परंतु बोलीदाराच्या बाजूने विचार केला की त्यातील मर्म कळते. ज्याला वस्तू १०० रुपयांची वाटते त्याने १२० लिहिले, तर फरक पडतो तो फक्त इतरांपैकी सर्वांत मोठी निविदा १०० ते १२० यांच्या मध्ये असेल तेव्हाच. ती ११० असेल तर वस्तू गळ्यात पडून १० रुपयांचा तोटा होतो. त्याने ८० लिहिले आणि दुसऱ्याची निविदा ९० ची निघाली, तर मिळू शकणारा १० रुपयांचा नफा हातचा जातो. म्हणजे खरे मोल लिहिण्यावाचून अधिक चांगला डावच नाही, मग इतर काय करतात याची फिकीर कशाला? सत्य सांगणे हाच जेथे स्वार्थ ठरतो असा नियम सापडणे ही लहान गोष्ट नव्हती.

व्हिक्रीने त्याच लेखात आणखी एक गोष्ट दाखविली, ती अधिकच अनपेक्षित होती. वर घेतलेल्या उदाहरणासारख्या परिस्थितीत पहिल्या किमतीची निविदा असो वा दुसऱ्या किमतीची, विकणाऱ्याचे सरासरी उत्पन्न सारखेच येते. दोन बोलीदारांच्या बाबतीत ते ३३ रुपयांहून किंचित अधिक भरते. एका नियमात लोक बोली कापून लावतात, दुसऱ्यात नियमच किंमत कापतो. या कार्याबद्दल त्याला १९९६ सालचे नोबेल पारितोषिक जेम्स मिर्लीस यांच्यासह जाहीर झाले. घोषणेनंतर तीनच दिवसांनी व्हिक्रीचा मृत्यू झाला.

विजेत्याचा शाप

हे गणित एका गृहीतावर उभे आहे: प्रत्येकाला आपले मोल नेमके ठाऊक असते आणि ते दुसऱ्याच्या मोलावर अवलंबून नसते. चित्राच्या हौशी संग्राहकाला हे लागू पडेल. तेलाच्या क्षेत्राला ते पडत नाही. जमिनीखाली जेवढे तेल आहे तेवढेच आहे, ते कोणीही काढले तरी. फक्त ते किती आहे याविषयी प्रत्येक कंपनीच्या भूगर्भतज्ञांचा अंदाज वेगळा असतो. दहा कंपन्यांनी अंदाज बांधले तर काही कमी निघतील, काही अधिक. त्यांची सरासरी सत्याच्या जवळपास असेलही. परंतु लिलाव सरासरीवाल्याला मिळत नाही, सर्वांत फुगलेला अंदाज ज्याचा त्याला मिळतो. जिंकणे हीच आपला अंदाज चुकल्याची खूण ठरते. अमेरिकेतील एका तेलकंपनीत काम करणाऱ्या केपन, क्लॅप आणि कँपबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मेक्सिकोच्या आखातातील क्षेत्रे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षित लाभ का होत नाही, याचे कोडे त्यामुळे उलगडले. या प्रकाराला पुढे ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले.

शहाणा बोलीदार हा शाप ओळखतो आणि आपली बोली आधीच कमी करतो. त्यामुळे भीतीचे मोल शेवटी विकणाऱ्यालाच मोजावे लागते. उघड चढत्या लिलावात ही भीती कमी होते, कारण इतर कोठवर टिकून राहतात हे दिसते आणि त्यांच्याजवळील माहिती थोडीथोडी सर्वांना कळते. रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रोम या स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी या विचाराला गणिताचे रूप दिले. २०२० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कार्यासाठी.

कागदावरून बाजारात

सिद्धांताची खरी परीक्षा बिनतारी लहरींच्या विक्रीत झाली. न्यूझीलंडने १९९० साली या लहरींचे पट्टे व्हिक्रीच्या नियमाने विकावयास काढले. एका कंपनीने १ लाख डॉलरांची निविदा भरली. दुसऱ्या क्रमांकाची निविदा ६ डॉलरांची होती, म्हणून तिला ६ डॉलरच द्यावे लागले. दुसऱ्या एकीची बोली ७० लाख डॉलरांची होती, तिने दिले ५ हजार. एका लहान शहरातील दूरचित्रवाणीच्या परवान्यासाठी एका विद्यार्थ्याने १ डॉलरची निविदा टाकली. दुसरी कोणाचीच नव्हती. त्याला परवाना फुकट मिळाला. वृत्तपत्रांनी सरकारची पुरेपूर थट्टा केली. वस्तुतः व्हिक्रीचे गणित कोठेही चुकले नव्हते. ‘पुरेसे स्पर्धक असतील तर’ ही अट कोणी तपासली नव्हती आणि किमान राखीव किंमत ठेवण्याची साधी खबरदारी घेतली नव्हती, एवढेच. शिवाय विकणाऱ्याचे किती गेले हे दुसऱ्या किमतीच्या नियमात सर्वांना उघड दिसते. पहिल्या किमतीच्या निविदेत तेच झाकलेले राहते. राज्यकर्त्यांना यांपैकी कोणता नियम सोयीचा वाटतो हे सांगावयास नको. न्यूझीलंडने पुढे पहिल्या किमतीच्या निविदा स्वीकारल्या.

अमेरिकेत जुलै १९९४ मध्ये पहिला लिलाव झाला तेव्हा अडचण निराळी होती. शेजारशेजारच्या प्रदेशांचे परवाने एकत्र मिळाले तर अधिक मोलाचे, एकेकटे मिळाले तर कमी. ते एकामागून एक विकले तर पहिला घेणारा पुढचा मिळेल की नाही या चिंतेत राहतो. म्हणून विल्सन, मिलग्रोम आणि प्रेस्टन मॅकॅफी यांनी सर्व परवाने एकाच वेळी, फेरीफेरीने चढत्या बोलीने विकावेत अशी योजना दिली. एकाही परवान्यावर नवी बोली येत नाही तोवर कोणताच लिलाव बंद होत नाही. परंतु यात एक पळवाट होती. मांजरासारखे दबा धरून बसावे आणि शेवटी झडप घालावी, असे सर्वांनीच ठरविले तर लिलाव पुढे सरकणार कसा? म्हणून जो फेऱ्यांत बोलत नाही त्याचा पुढे बोलण्याचा हक्क घटत जावा असा नियम जोडला गेला. पहिल्या लिलावात देशव्यापी १० परवाने ४७ फेऱ्यांनंतर विकले गेले आणि ६१ कोटी ७० लाख डॉलर आले.

उघड फेऱ्यांचा एक दोष जर्मनीत १९९९ साली प्रत्ययास आला. सारख्याच प्रकारचे दहा पट्टे विकावयाचे होते आणि नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा निदान शेकडा १० ने अधिक असली पाहिजे असा नियम होता. मानेसमान या कंपनीने पहिल्या पाच पट्ट्यांवर दर मेगाहर्ट्झला १८.१८ दशलक्ष मार्क आणि उरलेल्या पाचांवर २० दशलक्ष मार्क अशी बोली लावली. १८.१८ हा आकडा विचित्र खरा. पण त्यात शेकडा १० मिळविले की जवळजवळ नेमके २० होतात. प्रतिस्पर्धी टी-मोबिल कंपनीला हा निरोप कळला. तिने पहिल्या पाच पट्ट्यांवर २० दशलक्षांची बोली लावली, दुसऱ्या पाचांना हात लावला नाही, आणि दोन फेऱ्यांतच लिलाव संपला. दोघांनी एका टेबलाशी बसून वाटणी केली असती तर कायद्याने गुन्हा झाला असता. येथे त्यांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता, भर लिलावात, तेच साधले.

नियमाइतकेच महत्त्व कोण आत येतो याला आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या वसंतात तिसऱ्या पिढीचे पाच परवाने विकावयाचे होते आणि आधीच्या कंपन्या चार होत्या. पाचांतील सर्वांत मोठा परवाना नवागतांसाठी राखून ठेवला गेला, तेव्हा १३ बोलीदार पुढे आले. १५० फेऱ्यांनंतर सुमारे २२.५ अब्ज पौंड जमले. हॉलंडने त्याच वर्षी काहीच महिन्यांनी जवळजवळ तोच नमुना उचलला; पण तेथे परवाने पाच आणि आधीच्या कंपन्याही पाचच होत्या. हरण्यासाठी खर्च करून कोण येणार? उत्पन्न ३ अब्ज युरोंच्याही आत राहिले. स्वित्झर्लंडमध्ये चार परवान्यांना चारच बोलीदार उरले आणि परवाने राखीव किमतीच्या आसपास गेले.

भारतातील अनुभव

भारताने या खेळाचे बहुतेक सर्व प्रकार स्वतःच्या खर्चाने अनुभवले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर १९९५ साली दूरध्वनी सेवांचे परवाने मंडळवार बंद निविदांनी देण्यात आले. आकडे थक्क करणारे होते. एका कंपनीने नऊ मंडळांसाठी मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपयांची बोली लावली होती. पुढे एका कंपनीस किती मंडळे मिळावीत यावर सरकारला मर्यादा घालावी लागली. विजेत्याच्या शापासाठी याहून अनुकूल जमीन क्वचितच सापडेल. बाजार अगदी नवा होता, गिऱ्हाईक किती मिळेल याचा कोणालाच अंदाज नव्हता, इतरांच्या बोलीवरून काही शिकण्याची सोय नव्हती. त्यात शुल्क वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी द्यावयाचे होते. ज्याला उद्या अंग काढून घेता येईल असे वाटते तो आज मोठा आकडा लिहावयास कचरत नाही. झालेही तसेच. थकबाकी साचली आणि १९९९ च्या नव्या धोरणाने ठरीव शुल्काऐवजी उत्पन्नातील वाट्याची पद्धत आणावी लागली. कागदावरील मोठी बोली तिजोरीत पोहोचतेच असे नाही, हा धडा सरकारी हिशेबात फार उशिरा नोंदला गेला.

२००१ साली चौथ्या मोबाईल परवान्यासाठी फेऱ्यांचा लिलाव झाला, आणि तेथे सापडलेली किंमत, देशभरासाठी सुमारे १,६५८ कोटी रुपये, पुढील अनेक वर्षे मापदंड म्हणून वापरली गेली. जानेवारी २००८ मध्ये याच किमतीला ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या तत्त्वावर १२२ परवाने वाटण्यात आले. दरम्यान मोबाईलधारकांची संख्या कितीतरी पटींनी वाढली होती. अर्जांची शेवटची तारीख मागाहून अलीकडे ओढण्यात आली. १० जानेवारीच्या दुपारी पाऊण तासाच्या अवधीने अर्जदारांना दिल्लीच्या संचार भवनात बोलावण्यात आले, आणि तयार धनादेश व हमीपत्रे घेऊन आलेल्यांची तेथे झुंबड उडाली. लिलाव टाळला म्हणजे स्पर्धा टळली असे होत नाही. किंमत गोठविली की स्पर्धा रांगेत शिरते, आणि रांगेत पुढे असण्याचे मोल सरकारी तिजोरीत जमा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी हे सर्व १२२ परवाने रद्द केले. त्यासंबंधीच्या फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. वाटपाची रीत योग्य होती का आणि गुन्हा सिद्ध झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सार्वजनिक चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

मधल्या काळात, एप्रिल-मे २०१० मध्ये, तिसऱ्या पिढीच्या पट्ट्यांचा लिलाव फेऱ्यांच्या पद्धतीने झाला. ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालल्यावर देशव्यापी राखीव किंमत ३,५०० कोटींवरून १६,७५१ कोटी रुपयांवर चढली. एकूण सुमारे ६७,७१९ कोटी रुपये आले. सर्व २२ मंडळे कोणालाच मिळाली नाहीत, इतकी चुरस होती.

या यशाचा एक अनिष्ट परिणाम झाला. मिळालेली किंमत हीच वस्तूची खरी किंमत असे मानून नोव्हेंबर २०१२ मध्ये परत आलेल्या पट्ट्यांसाठी ५ मेगाहर्ट्झला देशभर १४ हजार कोटी रुपये इतकी राखीव किंमत ठेवण्यात आली. दिल्ली, मुंबई, कर्नाटक आणि राजस्थान या मंडळांसाठी एकही बोली आली नाही. सारी प्राप्ती साडेनऊ हजार कोटींच्याही आत राहिली. न्यूझीलंडमध्ये राखीव किंमत नसल्याने जे झाले, त्याची ही उलटी बाजू. राखीव किंमत ठेवणे म्हणजे वस्तू न विकली जाण्याचा धोका पत्करून अधिक भाव मागणे. हा धोका थोडा असला तर फायद्याचा. पण न विकलेला पट्टा कोठारातील धान्यासारखा पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहत नाही. वापराविना गेलेले वर्ष कायमचे गेले. ७०० मेगाहर्ट्झच्या मौल्यवान पट्ट्याचे हेच झाले. २०१६ आणि २०२१ अशा दोन्ही लिलावांत त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. २०२२ मध्ये राखीव किंमत बरीच खाली आणल्यावर एका कंपनीने तो घेतला.

त्या २०२२ च्या लिलावात चारच बोलीदार होते आणि विकावयास पट्टे भरपूर होते. ४० फेऱ्या आणि सात दिवस चाललेल्या या लिलावातून १ लाख ५० हजार कोटींहून अधिक रुपये आले, परंतु त्यातील बहुतेक पट्टे पहिल्या दिवशी होते त्याच राखीव किमतीला गेले. उरलेले दिवस लिलाव चालू राहिला तो मुख्यतः उत्तर प्रदेश पूर्व या एका मंडळातील १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी. तेथे मात्र मागणी पुरवठ्याहून अधिक होती, आणि भाव फेरीगणिक चढत होता.